आईचं डोकं दुखतंय

मागच्या महिन्यात सांगलीला लग्नाला गेलो होतो. मामेभावाच्या मुलीचं. जेवणं चालू होती. माझ्या एका बाजूला मोठे मामा, दुसऱ्या बाजूला माझा लेक. जिलबी वाढायला आलेल्या मुलाला मामांनी ताटावर हात आडवा धरून थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नको रे बाबा, आमच्या अख्ख्या घराण्याला शुगर आहे!" झालं. समोरून मावशीने उपाशीपोटीची किती आणि जेवणानंतरची किती ते आकडे सांगितले. पलीकडून एका काकांनी आपली बायपास सुरू केली. ती आम्ही सगळ्यांनी किमान चार वेळा ऐकलेली आहे, पण बायपास कधी जुनी होत नाही.

एवढ्यात माझा लेक माझ्याकडे वाकून म्हणाला, "आई, आपल्या घराण्यात डिप्रेशनपण आहे ना? मग ते कुणी का सांगत नाही?"

त्याच्या मते तो हळूच बोलला. पण पंधरा वर्षांचा आहे, आवाज नुकताच फुटलाय, त्यामुळे हळू असं काही उरलेलंच नाही. मामांनी मठ्ठ्याची वाटी उगाच इकडची तिकडे केली. मावशीने नवरीच्या शालूचा विषय काढला. बायपासवाल्या काकांना तर ऐकूच कमी येतं, ते पुढे बोलत राहिले.

पुण्याला परत येताना गाडीत लेक झोपला, पण त्याचा प्रश्न काही झोपेना. म्हणून आज लिहायला बसलेय. हे पान नात्यातली बरीच मंडळी वाचतात हे मला ठाऊक आहे. काहींना हे लिहिलेलं आवडणार नाही, तेही ठाऊक आहे. तरी आईची परवानगी घेतली आहे. तिने एक अट घातली. ती शेवटी सांगते.

साल १९८६. मी आठ वर्षांची. सांगलीत गावभागात आमचं भाड्याचं घर होतं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, अशी एकामागे एक. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. आई तिथे भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. आम्ही शाळेतून आलो की आजी दारातच तोंडावर बोट ठेवून उभी. "आईचं डोकं दुखतंय. आवाज करू नका."

आता डोकं दुखणं म्हणजे किती दिवसांचं? एक दिवस, दोन दिवस. आईचं चार-चार महिने दुखायचं. मधे एखादं वर्ष अगदी छान जायचं, आई दिवाळीत चकल्यांचे घाणेच्या घाणे काढायची, आणि मग एक दिवस पुन्हा आजी दारात उभी.

मुलांचा हिशोब साधा असतो. आवाज करू नका, कारण आईचं डोकं दुखतंय. म्हणजे आवाज केला की आईचं डोकं दुखतं. म्हणजे आवाज कोण करतं? मी. दादा तसा शांतच होता. मी पाढे मनात म्हणायला लागले. सागरगोटे खेळायचे सोडून दिले, कारण शहाबादी फरशीवर त्यांचा खडखडाट होतो. एका डब्यात घालून ते माळ्यावर टाकले. एकदा कशावरून तरी दादाशी कडाक्याचं भांडण झालं आणि आई रडत बाहेर आली. त्या दिवशी माझी खात्रीच पटली.

महिन्यातून एकदा आई-बाबा एस.टी.ने मिरजेला जायचे. दातांच्या डॉक्टरांकडे, असं आम्हाला सांगितलं होतं. डोकं दुखतंय तर दात का दाखवतात, हे कोडं मला बरीच वर्षं होतं. विचारायची सोय नव्हती. घरात तो प्रश्न विचारायचा नसतो हे कुणी न सांगता कळलं होतं.

यात आजीला दोष द्यायचा नाहीये. कृपया कुणी तसा अर्थ काढू नका. तिने त्या वर्षांत सगळं घर एकटीने ओढलं. तिला वाटलं लेकरांना झळ लागू नये. तिच्यापाशी या दुखण्यासाठी शब्दच दोन होते. एक होता 'वेड', आणि तो तिला सुनेसाठी वापरायचा नव्हता. दुसरा 'डोकं दुखतंय'. तिने त्यातला बरा निवडला.

आता एकदम २०१७ ला येऊ. पावसाळा. मी एकोणचाळीस वर्षांची. पुण्यात नोकरी, नवरा, सासूबाई आणि सात वर्षांचा लेक. काहीही वाईट घडलेलं नव्हतं. पण पहाटे साडेतीन-चारला टक्क जाग यायची आणि छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटायचं. जेवणाची चव गेली. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे सारखं रडू येणं. मला रडू फारसं यायचं नाही. मला ठरवता यायचं नाही. आज भाजी कुठली, या प्रश्नापुढे मी फ्रिजचं दार उघडं टाकून दहा मिनिटं उभी राहायचे.

आधी थायरॉइड तपासलं. मग बी-बारा, मग डी जीवनसत्त्व. बी-बारा थोडं कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एकदा विचारलं, "घरात कुणाला असा काही त्रास?" मी अगदी मनापासून सांगितलं, "नाही. फक्त शुगर आहे."

खोटं बोलले नाही हो. मला खरंच माहीत नव्हतं.

असे दहा महिने गेले. २०१८ च्या मे महिन्यात एकदाची मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. "आई-वडिलांपैकी कुणी खूप दिवस अंथरुणाला खिळून होतं का?" मी म्हटलं, "आईचं डोकं दुखायचं." डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "किती दिवस?" "चार-चार महिने," असं म्हणता म्हणता माझा मलाच आवाज ऐकू आला. बत्तीस वर्षं उलटली होती, मी चांगली शिकलेली होते, आणि हे वाक्य किती विचित्र आहे हे मला त्या खुर्चीत बसेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एकच शब्द. "तुलाही?"

माझं म्हणणं इथून सुरू होतं. ज्याला आपण मुलांना जपणं म्हणतो, त्याची किंमत मुलंच चुकवतात. एकदा लहानपणी चुकवतात, तेव्हा ती स्वतःला दोष देतात. आणि पुन्हा मोठेपणी, जेव्हा तेच दुखणं त्यांच्या दारात येतं आणि त्यांना ते ओळखता येत नाही. मधुमेहाबद्दल आम्हाला सगळं माहीत होतं, म्हणून मी तिशीपासून दरवर्षी साखर तपासते. याबद्दल काही माहीत नव्हतं, म्हणून दहा महिने गेले.

पण थांबा, मी फार शहाणी आहे असं समजू नका. निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि मी घरी येऊन लेकाला काय सांगितलं असेल? "माझं डोकं दुखतंय रे राजा." काय करणार, घरात तेवढंच वाक्य तयार होतं!

या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. त्या आठवड्यांत कधीतरी, एका दुपारी मी पडून होते. दार लोटलेलं होतं. लेक आणि खालच्या मजल्यावरचा त्याचा मित्र जिन्यात खेळत होते. माझ्या कानावर आलं, "ए, हळू बोल ना. आवाज झाला की माझ्या आईचं डोकं दुखतं."

मी उठून बसले. मला ते सागरगोटे दिसले, माळ्यावरच्या डब्यातले.

त्या वेळी मी एका समुपदेशक बाईंकडेही जात होते. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी मला बॉस्टनच्या एका बालमानसोपचारतज्ज्ञांच्या कामाबद्दल सांगितलं. डॉ. विल्यम बियर्डस्ली. ज्यांच्या आई किंवा वडिलांना डिप्रेशन होतं अशा मुलांचा त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. त्यातली बरीच मुलं उत्तम वाढली होती. त्यांच्यात सारखं काय होतं? त्यांना मित्र होते, जवळची माणसं होती. शाळा, खेळ, स्वतःचं असं काहीतरी चालू होतं. आणि आई किंवा वडील आजारी आहेत व तो आपला दोष नाही, हे त्यांना नीट कळलेलं होतं. यावरून बियर्डस्लींनी एक पद्धत बसवली. आधी आई-वडिलांशी बोलायचं, मग मुलांशी, आणि मग सगळ्या कुटुंबाने एकत्र बसायचं. त्या बैठकीत मुलांना सांगायचं काम डॉक्टरांचं नाही, आई-वडिलांचं. अशा कुटुंबांत आई-वडील आणि मुलं यांच्यातली समज वाढली आणि दोन-अडीच वर्षांनंतरही ती टिकून होती, असं त्यांना आढळलं. २००२ साली त्यांनी यावर सामान्य वाचकांसाठी पुस्तकही लिहिलं. नॉर्वेमध्ये तर २०१० पासून कायदाच आहे. मोठं माणूस गंभीर आजारी असेल, मग तो आजार शरीराचा असो, मनाचा असो की व्यसनाचा, तर त्याच्या घरी लहान मुलं आहेत का आणि त्यांना काय सांगितलं गेलंय, याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांनी लक्ष द्यायचं.

मग आम्ही पण बसलो. रविवार सकाळ, बाल्कनी, नवरा, लेक आणि मी. पोहे होते. मी आदल्या रात्री वाक्यं लिहून काढली होती (हसू नका, ऑफिसच्या प्रेझेंटेशनची पण मी इतकी तयारी केली नव्हती). साधारण असं बोलले:

"माझं डोकं दुखत नाही. मला डिप्रेशन नावाचा आजार झालाय. यात माणसाला फार थकवा येतो, कशात मजा वाटत नाही, चिडचिड होते. तो तुझ्यामुळे झालेला नाही. आवाजामुळे होत नाही, मार्कांमुळे होत नाही, तू हट्ट केलास म्हणूनही होत नाही. मी डॉक्टरांकडे जाते, गोळ्या घेते. बाबाचं आणि आजीचं माझ्याकडे लक्ष आहे. तू खेळायचं, शाळेत जायचं आणि काही विचारावंसं वाटलं तर विचारायचं."

आठ वर्षांच्या मुलाला एवढं पुरलं. त्याने विचारलं, "ताप येतो का यात?" नाही. "मला होईल का शिंकलीस तर?" नाही. मग थोडं थांबून, "गणितात मला कमी पडले होते ना, त्याच्यानंतरच तू झोपायला लागलीस." बघा. हिशोब मांडून ठेवलेलाच होता पठ्ठ्याने. मी नसते बोलले तर तो आणखी तीस वर्षं तसाच राहिला असता. त्याला पुन्हा एकदा सांगितलं, नाही, त्यामुळे नाही. "मग मी आता सायकल खेळायला जाऊ?" जा.

खरा प्रश्न त्या रात्री आला. दिवा मालवल्यावर. मुलांचे खरे प्रश्न अंधारात येतात. "आजीला पण होतं. तुला पण झालं. मग मला पण होईल?"

याचं उत्तर मी लिहून काढलेलं नव्हतं.

ज्यांच्या मनात हाच प्रश्न असेल त्यांच्यासाठी सांगते. डिप्रेशन घराण्यात येतं हे खरं आहे. सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर आपल्याला होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट-तिप्पट असतो. पण म्हणजे होणारच असं मुळीच नाही. आई-वडिलांना डिप्रेशन असलेल्या कितीतरी मुलांना ते कधीच होत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास धरतात. उरलेला वाटा आयुष्यात काय घडतं त्याचा. आणि या उरलेल्या वाट्यात आपल्याला थोडंफार काही करता येतं.

लेकाला एवढं सगळं नाही सांगितलं. म्हटलं, "होईलच असं नाही. पण कधी झालंच तर आपल्याला लगेच कळेल. कुणाला सांगायचं, कुठे जायचं, हे तुला माहीत असेल. मला माहीत नव्हतं ना, म्हणून इतके दिवस लागले." तो म्हणाला, "ओके." आणि झोपला. मी नाही झोपले. पण ते वेगळं जागरण होतं.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. कारण "मुलांना सगळं सांगा" असं म्हणून मोकळं होता येत नाही.

समुपदेशक बाईंनी मला रोज करायच्या अगदी छोट्या गोष्टींची यादी करायला लावली होती. उठल्यावर खिडकी उघडणं. स्वतःचा चहा स्वतः करणं. संध्याकाळी सहा वाजता कोपऱ्यावरच्या गणपतीपर्यंत चालत जाऊन येणं. मूड असो वा नसो, ठरल्या वेळेला करायचं. आपण समजतो आधी उत्साह येतो आणि मग काम होतं. या आजारात ते उलटं करावं लागतं. आधी काम, मग कधीतरी त्याच्या मागून थोडासा उत्साह. याला बिहेवियरल अॅक्टिव्हेशन असं भारदस्त नाव आहे. मी चालून आले की कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, एक टिंब करायचे.

एक दिवस बघते तर टिंबांशेजारी आणखी खुणा. छोट्या फुल्या आणि गोल. लेकाला विचारलं. म्हणाला, "गोल म्हणजे तू हसलीस. फुली म्हणजे नाही." पंधरा दिवसांचा हिशोब होता. चार गोल, अकरा फुल्या.

नातेवाइकांपैकी एकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, किती गुणी गं मुलगा! मला मात्र पोटात खड्डा पडला. कारण ही मधल्या खोलीचीच गोष्ट होती, फक्त दार उघडं होतं. तेव्हा मी आईला त्रास होऊ नये म्हणून गप्प बसायचे. आता हा मला बरं करायला निघाला होता. दोन्हीकडे मूल आईची काळजी घेत होतं.

त्याच्याबरोबर बसून मी त्याला सांगितलं की हा हिशोब ठेवायचं काम तुझं नाही. ते माझं, डॉक्टरांचं आणि बाबाचं. तुला वाईट वाटलं तर सांग, भीती वाटली तर सांग, पण मला हसवायची नोकरी तुला दिलेली नाही. त्याला ते लगेच पटलं नाही. काही दिवस फुल्या चालूच होत्या, फक्त त्याच्या वहीच्या मागच्या पानावर. हळूहळू थांबल्या. माझ्या चालण्याने नाही थांबल्या, क्रिकेटचं शिबिर सुरू झालं म्हणून थांबल्या. तेच बरं झालं.

म्हणून माझं मत असं. आजाराचं नाव सांगावं, तो तुझ्यामुळे नाही हे सांगावं, माझी काळजी कोण घेतंय हे सांगावं. पण आपलं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवू नये. रात्री दोनला मनात येणारे विचार मुलाला सांगायचे नसतात. ते नवऱ्याला, बहिणीला, मैत्रिणीला, डॉक्टरांना. यातलं कुणीच जवळ नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. आणि जगणंच नकोसं वाटायला लागलं असेल तर कुणी भेटेल, मग सांगू, असं करत वाट बघू नये. ताबडतोब सांगावं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती घरातल्या मोठ्यांबद्दल. आणि माझ्याबद्दलही.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांच्या लक्षात आलं की मनोरुग्णालयातून घरी गेलेले काही रुग्ण पुन्हा लवकर आजारी पडतात, आणि हे कुठल्या घरात परत गेले यावर बरंच अवलंबून असतं. पुढे यावर खूप काम झालं. सतत टीका, राग किंवा अति काळजी असलेल्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आधी हे स्किझोफ्रेनियाबद्दल होतं. डिप्रेशनबद्दल १९८९ साली जिल हुली आणि जॉन टीसडेल यांनी एक गंमत दाखवली. रुग्णाला एकच प्रश्न विचारायचा. तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो, एक ते दहा मध्ये सांगा. पुढच्या नऊ महिन्यांत कोण पुन्हा आजारी पडेल याचा अंदाज त्या एका आकड्यावरून बराच बांधता येत होता.

आमच्या घरी शिवीगाळ, आदळआपट असलं काही नव्हतं. पण "काय कमी आहे तुला?" होतं. "जरा मन रमव कशात तरी" होतं. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" तर होतंच. बोलणाऱ्याला वाटतं धीर देतोय. ऐकणाऱ्याला ऐकू येतं की तू नाटक करतेस. नवऱ्याला मी तो एक ते दहाचा प्रश्न सांगितला आणि माझा आकडाही सांगितला. सात. तो दुखावला. दोन दिवस घुम्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला कळत नाही गं काय बोलायचं, म्हणून काहीतरी बोलतो." मी म्हटलं, काही नको बोलूस, सहा वाजता माझ्याबरोबर गणपतीपर्यंत चल. तो चालायला लागला. सासूबाई एक दिवस न बोलता माझ्या शेजारी येऊन लसूण सोलत बसल्या. तेवढंही पुष्कळ असतं.

मी मनात म्हटलं, वा, घर सुधारलं. आणि मग मला दुर्बुद्धी झाली. लेकाला तोच प्रश्न विचारला. "मी तुझ्यावर किती ओरडते? एक ते दहा." तो तेव्हा दहा वर्षांचा होता, मी बरी झाले होते. त्याने जराही विचार न करता सांगितलं, "आठ."

आठ! नवऱ्याला मी सात दिले होते.

पुढचा आठवडा मी स्वतःचं बोलणं ऐकलं. सकाळी उठल्यापासून शाळेची रिक्षा येईपर्यंत त्याला बावीस सूचना. दात घासलेस का, असे घासतात का, डबा कुठे, तुझं लक्ष कुठे असतं. त्यात एकही वाक्य सूचना किंवा टीका सोडून दुसरं नव्हतं. मुलांना वाढवण्यावर ढीगभर लेख वाचले होते मी. त्यातलं मला शेवटी उपयोगी पडलं ते एवढंच की सकाळच्या घाईत एक वाक्य असं म्हणायचं ज्यात त्याला काही करायला सांगितलेलं नसेल. "आज ढग काय आलेत बघ." इतकं साधं. आणि चुकीचं चिडले तर संध्याकाळी सॉरी म्हणायचं, कारणं न देता. आता आकडा पाच-सहावर आलाय. परीक्षेच्या काळात पुन्हा सात.

विरोधात काय म्हणतात ते मला माहीत आहे. मुलं लहान असतात, त्यांना कशाला? शाळेत जाऊन बोलतील. उद्या लग्न जमवताना विचारतील. पहिल्याचं उत्तर वर दिलंय. मुलांना काहीतरी घडतंय हे कळतंच, आपण सांगत नाही ते फक्त कारण, आणि कारण ती स्वतः बनवतात. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे, होय, बोलतात. माझा लेक वर्गात बोलला. दोन आठवड्यांनी एका मुलाच्या आईचा मला फोन आला. मी धसकले. तिला डॉक्टरांचा नंबर हवा होता. आणि लग्नाचं म्हणाल तर शुगर असलेल्या अख्ख्या घराण्यात लग्नं होतातच की. परवाच एक जेवून आलो.

तर आता आईची अट.

तिला मी फोनवर विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का? ती आता सत्तरीच्या पुढे आहे, गेली बरीच वर्षं बरी आहे. तिला मधली खोली आठवते, मिरजेची एस.टी. आठवते, आणि आम्हाला खोटं सांगावं लागल्याचं वाईटही वाटतं. थोडा विचार करून म्हणाली, "लिही. पण तुम्हा दोघांचा शाळेचा डबा मी एक दिवसही चुकवला नाही, तेही लिही."

खरं आहे ते. रोज पोळी-भाजी असायची. मला वाटायचं, डोकं दुखत असलं तरी डबा होतोच, त्यात काय. २०१७ च्या पावसाळ्यात, फ्रिजसमोर उभी असताना, पहाटे उठून कणीक मळणं म्हणजे काय हे मला कळलं. ती साडेपाचला उठायची, डबे भरायची, आणि आम्ही बाहेर पडलो की पुन्हा मधल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्ही परत यायचो तेव्हा आजी दारात.

लिहिलं गं आई.